लाइन आली काय?

‘लाइन नाही म्हणून ऑनलाइन बंद हाये, अन् बाहेर पाहा ना, केवढी लाइन लागली!’

हे वाक्य आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात, पीकविम्याचे अर्ज भरण्याच्या दिवसांत, एका दुकानदाराच्या तोंडून मी ऐकले. इंग्रजी शिकवण्यात ज्याच्या आयुष्याची बत्तीस वर्षे गेली, त्या माणसाने असे वाक्य ऐकून हसावे की रडावे? मी ते खिशातल्या डायरीत उतरवून घेतले. एका वाक्यात तीन लाइनी, आणि तिन्ही निराळ्या! पहिली विजेची, दुसरी कुठे तरी आकाशातली, आणि तिसरी घामाघूम झालेल्या माणसांची. तिथे उभ्या असलेल्या पंधरा-वीस मंडळींपैकी कुणाचाही क्षणभर घोटाळा झाला नाही. पहिली नाही म्हणून दुसरी नाही आणि दुसरी नाही म्हणून तिसरी आहे, हे सगळ्यांना एका दमात समजले. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकालाही याहून नेटके विधान करता आले असते असे मला वाटत नाही.

त्या दिवसापासून हा शब्द माझ्या मागे लागला आहे. जाईन तिथे तो भेटतो. मुलगा शाळेत नीट चालत नसला की मास्तर म्हणतात, ‘लाइनीत चल.’ तोच मुलगा मोठा होऊन पानठेल्यावर दिवस काढू लागला की बाप म्हणतो, ‘पोरगं लाइनबाहेर गेलं.’ पुढे तो कुठे तरी चिकटला की आई शेजारणीला सांगते, ‘लागला बापा एकदाचा लाइनीले!’ आणि मधल्या काळात, कॉलेजच्या फाटकाशी उभा राहून तो जे काही करीत होता, त्यालाही आमच्याकडे लाइन मारणे असेच म्हणतात. हा शेवटचा अर्थ मी इंग्रजी कोशांत पुष्कळ शोधला, सापडला नाही. ते बहुधा आपले स्वदेशी उत्पादन असावे.

मराठी काही दरिद्री भाषा नव्हे. कवितेची ओळ, मुंग्यांची रांग, तळहातावरची रेषा, आगगाडीचे रूळ, विजेची तार, पोटापाण्याचा धंदा, चांगली-वाईट वाट. प्रत्येकाला आपापले नाव आहे आणि प्रत्येक नाव आपापल्या जागी शोभून दिसते. आमच्या वऱ्हाडात तर पिकाच्या ओळीलाही स्वतंत्र शब्द आहे. पऱ्हाटीच्या ओळीला आम्ही ‘तास’ म्हणतो. पऱ्हाटीची आठ तासे झाली की एक तास तुरीचे. घड्याळाचा तास वेगळा, वावरातला वेगळा. इतकी सोय असताना हा साहेबाचा शब्द घरात शिरला आणि या सगळ्यांना बाजूला सारून मधल्या खोलीत पलंग टाकून बसला. भाषाशुद्धीच्या चळवळीत सावरकरांनी आपल्याला दिनांक, महापौर, दूरध्वनी असे एकाहून एक ठसठशीत शब्द दिले आणि ते रुळलेही. पण दूरध्वनी आला तरी त्याची ‘लाइन’ काही हलली नाही. ट्रंककॉलच्या काळात कानाला यंत्र लावून तासन् तास बसलेला माणूस घरच्यांना सांगे, ‘लाइन मिळत नाही.’ आता तारही गेली, यंत्रही गेले, खिशातल्या फोनला जमिनीशी काही देणेघेणे उरले नाही; तरी लाइन लागत नाहीच.

या शब्दाचे कुळ शोधायला गेलो तेव्हा मात्र मला मोठी मौज वाटली. इंग्रजी ‘लाइन’चे मूळ लॅटिन ‘लिनेआ’. लिनेआ म्हणजे सुताची दोरी, आणि ते सूत ‘लिनम’चे. लिनम म्हणजे कोण? आपले जवस! वनस्पतिशास्त्रात जवसाचे नाव आजही लिनमच आहे. युरोपात जवसाच्या खोडापासून धागा काढीत; त्याचे कापड ते लिनन; ते कापड कोटाला आतून लावीत म्हणून अस्तराला लायनिंग; आणि बियांचे तेल ते लिन्सीड. आपण या झाडाचा धागा टाकून दिला आणि बी तेवढे ठेवले. जवसाची चटणी ज्याच्या घरी नाही असे घर आमच्या मुलखात शोधावे लागेल. थंडीच्या दिवसांत जवसाचे निळ्या फुलांचे वावर ज्याने पाहिले असेल, त्याला पुढे हा शब्द पूर्वीसारखा कोरडा वाटायचा नाही.

आणि गंमत अशी, की शब्दाचा हा मूळ अर्थ, दोरीचा, आमच्या गवंड्याने बरोबर सांभाळून ठेवला आहे. भिंत उचलताना दोन टोकांना खिळे ठोकून मध्ये जी दोरी ताणतात तिला तो ‘लाइनदोरी’ म्हणतो. पावरोटीत जसा पाव आणि रोटी हे दोन भाषांतले एकाच घरचे शब्द शेजारी बसले, तशीच ही लाइन आणि दोरी. इंग्रज पंडिताला ज्यासाठी कोशाची पाने उलटावी लागतात, ते आमचा गवंडी कानावर विडी ठेवून सांगतो.

यवतमाळ शहरात लाइन आली ती साहेबांच्या बंगल्यांबरोबर. फौजेच्या राहुट्या आणि बराकी ओळीने मांडलेल्या असत, म्हणून त्यांना लाइन्स म्हणत. त्यावरून मुलकी अधिकाऱ्यांची वस्ती ती सिव्हिल लाइन्स आणि शिपायांची ती पोलीस लाइन. एका लाइनीत दहा खोल्यांच्या अंतरात एक कंपाउंड आणि दुसऱ्या लाइनीत एका खोलीत दहा माणसे, पण नाव दोघांचे एकच. आम्ही मुले सिव्हिल लाइनमधून जाताना उगीचच आवाज खाली आणीत असू. का, ते आम्हाला कुणी सांगितले नव्हते.

जिल्ह्याची खरी लाइन मात्र मूर्तिजापूरची. अडीच फूट रुंदीचे रूळ, ११३ किलोमीटरचे अंतर, आणि ते तोडायला सहा-सात तास. हिलाच लोक लाडाने ‘शकुंतला’ म्हणत. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने ती गेल्या शतकाच्या आरंभी उभी केली, आणि ती काही आम्हाला मामाच्या गावी पोचवता यावे म्हणून नव्हे. यवतमाळ, दारव्हा, कारंजा या टापूतला कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीवर न्यायचा, तिथून मुंबईला आणि मुंबईहून बोटीने मँचेस्टरला, असा तो व्यवहार होता. या गाडीचे वाफेचे इंजिनही मँचेस्टरातच १९२१ साली बांधलेले. आमचा कापूस तिकडे गेला आणि तिकडून त्याला ओढायला इंजिन आले. ते १९९४ सालापर्यंत फुसफुसत राबले, मग डिझेलचे आले. देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारजमा झाल्या तरी ही एवढी लाइन कंपनीच्या मालकीची राहिली, याचे परगावच्या माणसाला नवल वाटे. आम्हाला वाटत नसे. ती आम्ही आमचीच समजत होतो. ज्या गावातून हे रूळ गेले त्या गावाचे दोन भाग पडले, लाइनच्या अलीकडचे आणि लाइनच्या पलीकडचे, आणि मुलीचे स्थळ सांगताना हा पत्ता आवर्जून सांगत.

गेल्या दशकात शकुंतला बंद पडली. रुळांत गवत वाढले. पलीकडची माणसे अजून लाइनच्या पलीकडेच राहतात. दरम्यान वर्धा-यवतमाळ-नांदेड या रुंद लाइनीचे काम सुरू झाले आणि २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्ध्याहून कळंबपर्यंतच्या टप्प्याचे उद्घाटनही झाले. कळंबच्या चिंतामणीला आता रेल्वेने जाता येते याचा आनंद मोठाच आहे. पण आमच्याकडची म्हातारी माणसे या नव्या लाइनीला नुसती लाइन म्हणत नाहीत, ‘मोठी लाइन’ म्हणतात. नुसती लाइन म्हणजे अजून शकुंतलाच.

रांग या अर्थाची लाइन मी पहिल्यांदा नीट पाहिली ती कापसाच्या खरेदी केंद्रावर. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि हंगामात केंद्रांबाहेर बंड्यांच्या लाइनी लागू लागल्या. काकांबरोबर दोन रात्री मी त्या लाइनीत काढल्या आहेत. बैल सोडून चाकाला बांधलेले, बंडीखाली कंदील, वर कापसाच्या ढिगात गळ्यापर्यंत रुतून झोपलेली माणसे. कापसासारखे ऊबदार अंथरूण दुसरे नाही. राजाला मिळायचे नाही असे ते, आणि सकाळी विकायचे. पहाटे कुणी तरी ओरडे, ‘लाइन सरकली!’ की सगळे धडपडून उठत आणि चार हात पुढे जाऊन पुन्हा झोपत. कुणी चहाला गेला तर शेजारचा त्याची बंडी पुढे घेई. एखादा पुढारी मागून येऊन पुढे घुसू लागला, की ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाला उलट शब्द दिला नव्हता तोही तुतारी हातात घेऊन उभा राही. ‘रांगेचा फायदा सर्वांना’ अशी पाटी मी पुढे शहरात पुष्कळ ठिकाणी वाचली. पण तिचा अर्थ मला त्या अनपढ मंडळींनी आधीच शिकवून ठेवला होता.

आता ज्या लाइनीसाठी मी हे लिहायला बसलो ती सांगतो.

माझे एक चुलतभाऊ राळेगाव तालुक्यात शेती करतात. ते माझ्याहून चार वर्षांनी मोठे; मी त्यांना दादा म्हणतो. दिवाळीत चार दिवस मी त्यांच्याकडे जातो. शहरातली माणसे एकमेकांना भेटली की ‘कसे काय?’ म्हणतात, दादांच्या गावात दिवाळीच्या सुमाराला माणूस माणसाला भेटला की विचारतो, ‘लाइन कवाची हाये?’ म्हणजे शेतीच्या पंपाची वीज या आठवड्यात दिवसाची आहे की रात्रीची. गेली कित्येक वर्षे हेच चालत आले. आठवड्यातले काही दिवस लाइन दिवसा, काही दिवस रात्री, आणि तीही ठरावीक तासच. हरभऱ्याला, गव्हाला ओलित नेमके याच दिवसांत लागते. घरातले दिवे वेगळ्या लाइनीवर असल्यामुळे ते रात्रभर जळतात. म्हणजे घर उजेडात आणि घरधनी काळोखात.

रात्रीचे ओलित म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांना सांगितले पाहिजे. बटण दाबले, मोटर सुरू झाली, आता घरी येऊन झोपावे, असे ते नसते. स्प्रिंकलरचे पाइप दर दोन-तीन तासांनी उचलून पुढे न्यावे लागतात. चिखलात पाय, अंगावर ओले कपडे, थंडी अशी की दात वाजतात. धुऱ्याच्या गवतात साप. कुठे रानडुकरांचा कळप. एका हातात पाइप आणि दुसऱ्या हातात टॉर्च धरता येत नाही, म्हणून दादा टॉर्च तोंडात धरतात. लाइन मध्येच गेली तर निघूनही येता येत नाही. ती परत येईल या आशेने धुऱ्यावर शेकोटी करून बसायचे. ‘आली काय?’ असे एका वावरातून दुसऱ्या वावरात ओरडून विचारायचे. गावात लाइनमनला जो मान आहे तो जावयाला नाही, याचे कारण एवढ्यावरून ध्यानात यावे.

२०१८ साली याच भागात ती वाघीण होती. सरकारी कागदांत तिचे नाव टी-१, वर्तमानपत्रांत अवनी. पांढरकवडा-राळेगावच्या पट्ट्यात तेरा माणसे मारल्याचा ठपका तिच्यावर होता. शहरांतून तिच्या बाजूने आणि तिच्याविरुद्ध पुष्कळ लिहिले गेले. त्यातले काही मला पटले, काही नाही. पण त्या हिवाळ्यांत दादांच्या घरी वादाचा मुद्दा एकच होता. लाइन रात्रीची आहे. जायचे की नाही? न जावे तर पीक जाते. दादा आणि शेजारचे तिघे मिळून जात. दोघे पाइप उचलीत, दोघे डबे वाजवीत. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला मारले तेव्हा दिवाळी पाच दिवसांवर आली होती. मी गेलो तेव्हा फटाके वाजत होते. दादा म्हणाले, ‘वाईट वाटते रे तिचं. पिल्लं होती संगं.’ आणि जेवण आटोपून, लाइन रात्रीची असल्यामुळे, वावरात निघून गेले.

दादांचा मुलगा, माझा पुतण्या, बी.ए. झाला आहे आणि बापाबरोबर शेती करतो. मन लावून करतो. त्याच्यासाठी चार वर्षे मुलगी पाहणे चालले आहे. गेल्या वर्षी मी वहिनींना विचारले, ‘कुठे जमण्यासारखे आहे का?’ त्या चुलीपुढून न उठता म्हणाल्या, ‘लोक येतेत भावजी. घर पायतेत, वावर पायतेत. मंग इचारतेत, पोरगा कोन्त्या लाइनले हाये? शेतीच्या लाइनले हाये म्हटलं का चहा पिऊन चालले जातेत.’

मेडिकल लाइन, इंजिनीअरिंग लाइन, बँकेची लाइन, गेला बाजार पोलीसची लाइन. या सगळ्यांना मुली आहेत. त्यांत मुलीच्या बापाला बोल लावण्याची माझी छाती नाही. आपली मुलगी रात्री दोन वाजता कुणाच्या वाटेकडे डोळे लावून बसावी असे कुठल्या बापाला वाटेल? माझ्या स्वतःच्या मुलीसाठी मी शेतकरी पाहिला नव्हता. गावात आता सौर पंप येऊ लागले आहेत. पुतण्याने त्यासाठी अर्ज केला आहे, अर्थातच ऑनलाइन. सोलरला लाइन लागत नाही, दिवसाच पाणी देता येईल, आणि मग स्थळे येतील, असा त्याचा हिशेब आहे. त्या हिशेबात मला कुठे चूक दिसत नाही.

मागच्या दिवाळीत पाडव्याच्या रात्री लाइन बारानंतरची होती. पुतण्याला ताप होता, म्हणून दादा एकटेच गेले. मला झोप येईना. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर घोंगडी घेऊन बसल्या होत्या, मोबाइल मांडीवर. दर तासाला त्या फोन लावीत. ‘लाइन हाये?’ पलीकडून दादा काही तरी म्हणत. ‘बरं,’ म्हणून त्या ठेवीत. एवढाच संवाद, पण तो चुकत नसे.

मी विचारले, ‘वहिनी, लाइन राहावी असं वाटतं की जावी?’

‘गेली तं हरभरा उपाशी राह्यते भावजी,’ त्या म्हणाल्या, ‘अन् राह्यली तं हे रातभर वावरात.’

तीन वाजत आले होते. त्यांनी पुन्हा फोन लावला. लाइन लागेना. दुसऱ्यांदा लावला. दारात जाऊन, अंगणात जाऊन, तुळशीजवळच्या ओट्यावर उभे राहून लावला. तिसऱ्या खेपेला लागली.